लेकुरवाळीचं दहावं बाळ

पेइ यिंगथाव सकाळी सहाला बसमध्ये चढली तेव्हा तिच्या पिशवीत सहा बाळं होती. वरची चार कणकेची, वाफवून गालांवर लाल ठिपके दिलेली. त्यांच्याखाली पीठ भुरभुरून लपवलेली दोन मातीची. कणकेची वाटेत खायला होती. मातीची मात्र आजच्या आज पोचवायची होती, आणि त्या काळजीनं अडुसष्ट वर्षांच्या या बाईला चार दिवस अन्न गोड लागलं नव्हतं.

शांगको गावच्या देवळात लेकुरवाळी देवी बसायची तेव्हा असली काळजी कुणाला नव्हती. तिच्या पायाशी दगडी पट्टीवर नऊ खळगे होते आणि प्रत्येकात एकेक मातीचं बाळ. जिला मूल हवं तिनं किंवा तिच्या आईनं, सासूनं त्यातलं एक उचलायचं, गळ्यात लाल दोरा बांधायचा आणि मागे वळून न बघता घर गाठायचं. मूल झालं की दोऱ्यासकट ते बाळ आणून देवीला मुलाचं नाव सांगायचं, आणि सोबत एक नवं बाळ ठेवायचं, पुढच्या बाईची सोय म्हणून. हे सगळं मूल तीन वर्षांचं व्हायच्या आत. तोवर पोर उसनं. दोरा लेकुरवाळीपाशी पोचला की पोर आपलं.

यिंगथावची सून आठ वर्षं कोरडी राहिली होती. मग यिंगथावनं बाळ उचललं आणि वर्षाच्या आत सुइसुइ जन्मली. ती तीन महिन्यांची असताना शहरातून ट्रक आला, चार माणसं आली, आणि चोरांची भीती आहे म्हणून लेकुरवाळीला आठ बाळांसकट उचलून घेऊन गेली. चोरांना निदान रात्रीची वाट बघावी लागते. ही माणसं भरदुपारी आली आणि वर गावाकडून चहाही प्यायली. देवीच्या जागी त्यांनी तिचा फ्लेक्स लावून दिला. पावणेतीन वर्षं गाव त्या फ्लेक्सला उदबत्ती दाखवत होतं. जोराचा वारा सुटला की देवी पोट फुगवायची, आणि बाया म्हणायच्या, बघा, पुन्हा दिवस गेले.

फ्लेक्सपुढे दोरा ठेवून कसं चालेल? यिंगथाव दोनदा शहरात जाऊन आली. दोन्ही वेळा दारावरच्या माणसानं सांगितलं, मूर्तीची डागडुजी चालू आहे, बघायला मिळणार नाही. आता कुठे प्रदर्शन उघडलं होतं आणि गावाची सहल निघाली होती. सुइसुइ परवा तीन वर्षांची होणार होती.

बस हलली आणि गावचा न्ये सचिव हातात भोंगा घेऊन पुढे उभा राहिला. पस्तीस माणसांच्या बसमध्ये भोंग्याची गरज नव्हती, पण भोंगा गावच्या खर्चानं घेतला होता.

"ऐका! आत कुणी हात जोडायचे नाहीत. गुडघे टेकायचे नाहीत. उदबत्ती, काडेपेटी, काही बाहेर काढायचं नाही. ती आता देवी नाही, वारसा आहे!"

"आणि वारशाला हात जोडले तर काय होतं?" मागच्या बाकावरून फूशेंगनं विचारलं.

"गावाची अब्रू जाते."

"ती तर ट्रकमधून केव्हाच गेली," फूशेंग म्हणाला, आणि बायका फिदीफिदी हसल्या.

फूशेंग चौऱ्याहत्तर वर्षांचा. जन्मभर कौलं भाजली, आणि दर नव्या वर्षाला उरलेल्या मातीची बाळं केली. गावातल्या बायका नवस फेडताना जे नवं बाळ ठेवायच्या ते फूशेंगच्याच हातचं असायचं. यिंगथावच्या पिशवीतलं नवं बाळही त्यानं गेल्याच आठवड्यात करून दिलं होतं. तिनं त्याच्याकडे वळून पाहिलं. त्यानं डोळे मिचकावले. तेवढ्यानं तिला जरा धीर आला.

शहरात पोचल्यावर संग्रहालयाच्या पायऱ्यांवर आधी फोटो झाला. लाल कापडी फलकावर लिहिलं होतं, "शांगको गावचे नागरिक सहाशे वर्षांच्या संस्कृतीची भेट घेताना". फलक गावापेक्षा लांब निघाला. दोन्ही टोकं धरायला माणसं दिल्यावर मध्ये उभं राहायला फारसं कुणी उरलं नाही.

मग आली तपासणी. पिशव्या यंत्रातून जात होत्या, आणि ज्याच्याकडे पाण्याची बाटली असेल त्याला त्यातला घोट पिऊन दाखवायला लावत होते. यिंगथावची पिशवी यंत्रात शिरली आणि तिथंच अडली.

"आजी, काय आहे यात?" रखवालदार तरुण होता आणि कंटाळलेला.

"कणकेची बाळं. नातीचा वाढदिवस आहे."

"खायचं आत न्यायचं नाही."

"मग काय करू?"

"खाऊन टाका, नाहीतर इथं ठेवा."

"इथं सोडून देऊ? वाढदिवसाची बाळं?" यिंगथावनं एक बाळ काढलं आणि त्याचा पाय तोडून तोंडात घातला. दुसरं मागच्या बाईला दिलं, तिसरं तिच्या मागच्या. रांगेतल्या बायकांनी हूं की चूं न करता रखवालदारादेखत चार बाळं फस्त केली. हे बघून त्याचाच चेहरा उतरला.

"आणि ही दोन?"

"ही शिळी आहेत. दात पडतील."

रखवालदारानं त्यातल्या एकावर टिचकी मारली. खणकन आवाज आला. त्यानं यिंगथावकडे पाहिलं, मागच्या शंभरेक माणसांच्या रांगेकडे पाहिलं, आणि ही नोकरी आपण का धरली असा विचार त्याच्या मनात आला असावा.

"सासूच्या हातचं आहे?"

"माझ्याच. मीच सासू."

"सुनेची कीव येते," तो म्हणाला आणि त्यानं पिशवी पुढे ढकलली. यिंगथावच्या जिवात जीव आला.

लेकुरवाळी सगळ्यात आतल्या दालनात होती. काळ्या भिंती, वरून पिवळा प्रकाश, समोर गुडघ्याएवढा कठडा आणि जमिनीवर आखलेली रेषा. यिंगथावच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. देवी तीच होती, पण धुऊन पुसून तिच्या अंगावरची सहाशे वर्षांची काजळी काढलेली. बिचारी उघडी पडल्यासारखी दिसत होती. समोरच्या पाटीवर लिहिलं होतं, "आसनस्थ स्त्री, रंगवलेली माती, ओळख अनिश्चित."

"ओळख अनिश्चित?" फूशेंग मोठ्यानं म्हणाला. "अख्ख्या गावाची ही आई, आणि हे म्हणतात कोण बाई आहे ठाऊक नाही!"

"हळू," सचिव दातओठ खात म्हणाला.

कानाला माइक लावलेली माहिती सांगणारी मुलगी पुढे आली. तिचं पाठांतर चोख होतं. "या आठ बाळांकडे लक्ष द्या. सहाशे वर्षांपूर्वीच्या एका अनामिक महान कलावंताची ही निर्मिती. विशेषतः डावीकडून तिसरं. त्याचा एक गाल किंचित फुगलेला आहे. जगाच्या क्षणभंगुरतेकडे पाहणारं हे अर्धं हसू आहे, असं आमच्या डॉक्टर पांग यांनी सिद्ध केलंय. आणि हा नववा रिकामा खळगा. कलावंतानं तो मुद्दाम रिकामा ठेवला. डॉक्टर पांग यांनी या रिकामेपणावर चाळीस पानं लिहिली आहेत."

फूशेंगचं तोंड उघडं राहिलं. "अगं, तो माझा पुतण्या आहे! त्याची दाढ सुजली होती त्या वर्षी. मी..."

सचिवानं त्याचा दंड धरून त्याला बाजूला ओढलं. त्याचा आवाज एकदम भोंग्याविना येऊ लागला. "फूशेंगकाका, पाया पडतो, गप्प राहा. सहाशे वर्षांच्या बाळांचं गाव म्हणून आपल्याला डांबरी रस्ता मिळालाय. बाळं वीस वर्षांची निघाली तर रस्ता उखडून नेतील."

"म्हणजे मी थोर कलावंत आहे, पण मेलेला?"

"रस्ता होईपर्यंत तरी मेलेलेच राहा. दुसरा टप्पा बाकी आहे."

फूशेंग मेला. म्हणजे गप्प झाला. पण त्याची छाती दोन बोटं पुढे आली होती, हे यिंगथावला दिसलं.

तिचं लक्ष मात्र त्या रिकाम्या खळग्यावर होतं. चाळीस पानांचा तो रिकामेपणा गेली चार वर्षं तिच्या उशीखाली होता. तिनं बायकांकडे पाहून मान हलवली. बायकांनी लगेच आपापल्या ओढण्या काढल्या, लाल, हिरव्या, गुलाबी. ओढण्या दोन्ही हातांनी डोक्यावर फडकवून फोटो काढल्याशिवाय आमच्या बायकांची कुठलीच सहल पुरी होत नाही, हे देशातल्या प्रत्येक रखवालदाराला पाठ आहे. तिथे उभी असलेली पन्नाशीची रखवालदार बाईही कंटाळून दुसरीकडे बघू लागली. ओढण्यांचा पडदा तयार झाला. यिंगथाव त्याच्यामागून कठडा ओलांडून खाली वाकली आणि गुडघ्यांवर पुढे सरकली.

"आई, आले मी," ती पुटपुटली. "उशीर झाला, पण तुलाच उचलून आणली, मी काय करू? पोरीचं नाव सुइसुइ. खट्याळ आहे. कोंबड्यांना दगड मारते. पण गुणी आहे. तिला..."

कुठूनतरी यंत्र बोंबललं. "कृपया वारशापासून दूर राहा! कृपया वारशापासून दूर राहा!" ओढण्या खाली आल्या. रखवालदार बाई धावली आणि तिनं यिंगथावचं मनगट पकडलं. मनगटापुढच्या मुठीत लाल दोरा बांधलेलं मातीचं बाळ होतं.

"चोरी!"

"चोरी कसली? मी ठेवतेय!"

"ठेवतंय कोण इथं? इथून लोक नेतात."

"मी नेलं होतं. आता आणलंय."

ही तर कबुलीच झाली. पाच मिनिटांत यिंगथाव, फूशेंग आणि घामाघूम झालेला न्ये सचिव एका कचेरीत उभे होते, आणि टेबलाच्या पलीकडे डॉक्टर पांग हातमोजे घालून दोन्ही बाळं उलटसुलट करून बघत होते. गोल चष्म्याचे, हळुवार बोलणारे गृहस्थ. यिंगथावनं सगळं खरं सांगितलं, नवस, दोरा, परवाचा वाढदिवस. डॉक्टरांच्या कानात त्यातलं एक अक्षर शिरलं नाही.

"नववं," ते म्हणाले. "हे नववं आहे. मी लिहिलंच होतं ते एक दिवस सापडेल."

"तुम्ही लिहिलं होतं की ते कधी नव्हतंच," माहिती सांगणारी मुलगी दारातून म्हणाली.

"दोन्ही लिहिलं होतं. शेवटच्या पानावर." त्यांनी बाळ प्रकाशात धरलं. "हा बोटांचा दाब बघा. कसलेला हात. असा हात आता होणे नाही." मग त्यांनी दुसरं, नवं बाळ उचललं आणि नाक मुरडलं. "आणि हे बाजारू. नक्कल. ज्यानं केलं त्याला मातीची समजच नाही."

"दोन्ही एकाच माणसानं केलीत!" फूशेंग उसळला.

"आजोबा," डॉक्टर मायेनं हसले, "हे कळायला तीस वर्षं अभ्यास लागतो."

एका दमात माणूस महान ठरला आणि भिकारही ठरला. सचिवानं फूशेंगचा पाय बुटाखाली दाबून धरला होता, त्यामुळे यातल्या कशाचा राग आधी धरावा हे ठरवायची त्याला उसंत मिळाली नाही.

डॉक्टरांनी कात्री घेतली. "हा दोरा मात्र अलीकडचा. मूळ वस्तूशी संबंध नाही."

"नाही, नाही, थांबा!" यिंगथाव ओरडली.

कच्. दोरा तुटला. त्यांनी तो दोन बोटांत धरून टेबलाखालच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला.

यिंगथाव मटकन खाली बसली. तिला सुइसुइ दिसली, अंगणात कोंबड्यांच्या मागे धावणारी, अजून उसनीच. सगळ्यांना वाटलं आजीला आनंद सहन होईना. तिला गरम पाणी पाजलं.

"ही दालनात ठेवायची वस्तू नाही," डॉक्टर सांगत होते. "याला मोठ्या दारासमोर वेगळी काचपेटी. मखमल. वेगळा प्रकाश. आजीबाईंना मानपत्र. आणि हे दुसरं तुमचं तुम्ही घेऊन जा, आठवण म्हणून."

सचिवाचं तोंड उजळलं. चोरीचं दान झालं, दानाचं मानपत्र झालं, आणि मानपत्राचा रस्त्याच्या दुसऱ्या टप्प्याला उपयोग होणार होता. फोटोसाठी लाल फलक पुन्हा उलगडायला तो बाहेर धावला. डॉक्टर नववं बाळ दोन्ही हातांवर घेऊन निघाले, आणि त्यांच्यामागे सगळी कचेरी निघाली. आपण कुणाला मागे सोडतोय हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

यिंगथाव डब्याशी गेली. चहाचा चोथा, संत्र्याची सालं, फाटके कागद. तिनं बाही मागे सारली आणि ढवळून ढवळून दोरा काढला. ओला झाला होता. तिनं तो पदराला पुसावा तसा सदऱ्याच्या टोकाला पुसला, आणि त्या नव्या, बाजारू, समज नसलेल्या बाळाच्या गळ्यात बांधला. तोकडा पडला, एकच गाठ बसली.

"चालेल ना गं?" तिनं विचारलं ते फूशेंगला नव्हे, पण फूशेंगच उत्तरला.

"माती माझीच आहे. दोरा तुझा. जा लवकर. मी बाहेर जाऊन थोर मेलेला माणूस म्हणून उभा राहतो, म्हणजे सगळे माझ्याकडे बघतील."

दालनात आता कुणी नव्हतं. सगळी गर्दी मोठ्या दाराशी, मखमलीकडे गेली होती. एकटी ती रखवालदार बाई कठड्यापाशी उभी होती. छातीवरच्या पट्टीवर नाव होतं, शाओ. यिंगथावला बघून ती पुढे आली. यिंगथावनं हातातलं बाळ लपवलं नाही.

"इथून लोक नेतात म्हणालीस, मी नेत नाही, ठेवतेय. हे कुणालाच नको आहे. डॉक्टरांनीच सांगितलं."

शाओनं भिंतीवरचं एक बटण दाबलं, आणि यंत्राचा लाल दिवा विझला.

यिंगथाव कठडा ओलांडून आत गेली, गुडघे टेकले, आणि बाळ नवव्या खळग्यात ठेवलं. ते तिथं अगदी नेमकं बसलं. "आई, सुइसुइ," ती म्हणाली. "पेइ घराण्याची नात. परवा तीन वर्षांची होईल. हा तिचा दोरा. आता ती आमची." तिला आणखी पुष्कळ सांगायचं होतं, सुनेचं, कोंबड्यांचं, फ्लेक्सचं, पण गर्दी परतायच्या आत उठायला हवं होतं. तिनं तीनदा डोकं टेकवलं आणि मोकळी झाली. इतकी मोकळी की उठताना गुडघेही दुखले नाहीत.

मागे वळली तर शाओ खळगे मोजत होती. एकदा मोजून झाल्यावर तिनं पुन्हा मोजले.

"नऊ झाली," ती म्हणाली. "माझ्या वहीत आठ आहेत. रोज सकाळी मोजून सही करावी लागते. कमी भरलं तर नोकरी जाते. जास्त भरलं तर काय होतं ते नियमात लिहिलेलंच नाही. म्हणजे त्याहून वाईट काहीतरी होत असणार."

"मग आता?"

शाओ लेकुरवाळीच्या तोंडाकडे बघत होती. चार आठवडे रोज आठ तास ती त्या मूर्तीपुढे उभी होती, पण बघितल्यासारखं आत्ताच बघत होती.

"काकू," तिनं आवाज खाली आणला. "खरंच देते का हो ती?"

"तुझ्या पोटी मूलबाळ?"

"एक मुलगी आहे. तिच्या लग्नाला सात वर्षं झाली. चार इस्पितळं झाली. आता जावई आमचा फोनही उचलत नाही."

यिंगथावनं तिचा हात धरला, मघाशी जिनं तिचं मनगट धरलं होतं तिचाच. "मग वहीचा हिशोब आपोआप जुळतो की गं. आठच राहतील. उचल एक. मनाला येईल ते."

शाओचा हात लगेच गेला तो डावीकडून तिसऱ्याकडे. फुगलेल्या गालाच्या बाळावर तिनं तळवा ठेवला, आणि सगळ्या सरकारी वारशाची पहारेकरीण रडायला लागली. रडत रडतच तिनं गळ्यातल्या ओळखपत्राची लाल फीत सोडली, पत्र खिशात टाकलं, आणि फीत बाळाच्या गळ्यात बांधली.

"मागे वळून बघायचं नाही," यिंगथाव म्हणाली. "आणि मूल झालं की फेडायला यायचं, तीन वर्षांच्या आत. याला आणायचं आणि जोडीला एक नवं."

"नवं कुठून आणू?"

"आमच्या गावी ये. सहाशे वर्षांची ताजी मिळतात."

शाओनं बाळ सदऱ्याच्या आत, पोटाशी धरलं आणि दोन्ही हात त्यावर ठेवले. दाराशी भोंग्यात सचिव यिंगथावचं नाव पुकारत होता, मानपत्र घ्यायला. शाओ त्या सगळ्या गर्दीमधून, डॉक्टर पांगांच्या अगदी शेजारून, काचपेटीला वळसा घालून, बाळंतपणाला निघालेल्या बाईसारखी जपून जपून पायऱ्या उतरून गेली.